अंगावर पाजताना हिपॅटायटिस बीची गोळी: कोणती घ्यावी, कधी थांबवावी आणि बाळाचं काय

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. वय २७, पहिलं बाळंतपण, सिझेरियन, बाळ आज पाच दिवसांचं. सातव्या महिन्यात एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह आला, एचबीव्ही डीएनए (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, म्हणजेच व्हायरल लोड) ८ कोटी आययू प्रति मिली, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) २७. २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, रोज एक गोळी. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात बिनधास्त पाजा. गोळ्यांसोबतच्या कागदावर मात्र स्तनपान टाळा असं छापलंय. ओळखीच्या एका डॉक्टरांनी एन्टेकॅव्हिरवर जायला सुचवलं. आणि घरच्यांचं म्हणणं, एकतर गोळी बंद कर नाहीतर बाळाला वरचं दूध दे.

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि म्हणूनच चौघांची चार उत्तरं मिळताहेत. दुधातून विषाणू जातो का, दुधातून औषध जातं का, आणि तुमच्या स्वतःच्या यकृताला आता औषधाची गरज आहे का. पहिल्या दोघांची उत्तरं बऱ्यापैकी पक्की आहेत आणि ती दूध पाजण्याच्या बाजूची आहेत. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या रिपोर्टांवर अवलंबून आहे, आणि गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे फक्त त्यावरून ठरवायचं. दुधासाठी गोळी थांबवू नका आणि गोळीसाठी दूध तोडू नका.

पण या सगळ्याच्या आधी, आजच्या आज एक काम करा. बाळाचं डिस्चार्ज कार्ड काढा. दुसरं महागातलं इंजेक्शन दिलं की नाही ते आठवत नाही असं तुम्ही लिहिलंय. कार्डावर दोन नोंदी हव्यात. एक, हिपॅटायटिस बी लसीचा जन्मडोस, २४ तासांच्या आत. दोन, एचबीआयजी, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, साधारण ०.५ मिली, १०० आययू, शक्यतो १२ तासांच्या आत आणि लसीच्या विरुद्ध मांडीत. तारीख, वेळ आणि बॅचचं स्टिकर असतं, ते बघा. लसीची नोंद आहे पण एचबीआयजीची नाही असं निघालं तर ताबडतोब बालरोगतज्ज्ञांना फोन करा. उशीर होईल तसा त्याचा उपयोग घटतो, पण पहिल्या ७ दिवसांत देण्यात अजून अर्थ आहे, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन दिवस आहेत. समजा ते खरंच राहून गेलंय, तरी हादरून जाऊ नका. शेवटचे तीन महिने गोळी घेतल्याने प्रसूतीच्या वेळी तुमच्या रक्तातला विषाणू पुष्कळ खाली आलेला असणार आणि जन्मडोसही मिळालाय, त्यामुळे धोका मुळातच बराच कमी झालाय.

एवढी घाई का, तेही सांगतो. मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाला तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त जणांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. जन्माच्या वेळी लागण झाली तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. एचबीईएजी पॉझिटिव्ह आईकडून, काहीच प्रतिबंध केला नाही तर, ७० ते ९० टक्के बाळांना लागण होते. लस आणि एचबीआयजी दोन्ही वेळेवर दिली तरी आईचा व्हायरल लोड फार जास्त असेल तर दहातल्या एखाद्या बाळाला लागण होऊ शकते. ती फट बुजवायला तुम्हाला गर्भारपणात गोळी दिली होती. २ लाख आययूच्या वर लोड असेल तर गोळी द्यायची असा साधारण संकेत आहे आणि तुमचा ८ कोटी होता. म्हणजे बाळाला धोका असतो तो प्रसूतीच्या वेळच्या रक्तामुळे. ती वेळ निघून गेलीय आणि तिचा बंदोबस्तही झालाय.

आता दूध. आईच्या दुधात विषाणूचे अंश सापडतात हे खरं आहे. तरी लस मिळालेल्या बाळांमध्ये अंगावर पिणारी आणि वरचं दूध पिणारी अशी तुलना अनेकदा झाली आहे, आणि लागण होण्याच्या प्रमाणात फरक आढळलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेसह सगळ्या मोठ्या यकृतसंस्था याबाबत एकमताने सांगतात की हिपॅटायटिस बी असलेल्या आईने पाजावं. इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. वरच्या दुधाने विषाणूपासून जास्तीचं काही संरक्षण मिळत नाही, उलट पाणी, बाटली आणि पावडरीच्या प्रमाणातल्या चुकांमुळे जुलाबाचा धोका मात्र घरात येतो.

काळजी घ्यायची ती स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तेव्हा. तेव्हा त्या बाजूचं दूध काढून टाका, दुसऱ्या बाजूने पाजा, आणि चीर भरली की पुन्हा सुरू करा. एकदा दुधात लाल रेघ दिसली म्हणून बाळाला लागण झाली असं नसतं. लस घेतलेल्या बाळात ही निव्वळ सावधगिरी आहे. चिरा बहुतेक वेळा बाळाने तोंडात फक्त बोंड धरल्यामुळे पडतात. बाळाचं तोंड मोठं उघडून भोवतालचा काळा भाग बराचसा आत जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली. पाजून झाल्यावर बोंड लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटलेलं दिसलं तर धरणं चुकतंय. वॉर्डातल्या सिस्टरकडून किंवा स्तनपान समुपदेशकाकडून एकदा समोर बसून दुरुस्त करून घ्या, मलमांपेक्षा त्याने लवकर गुण येतो.

याच आठवड्यात घरात आणखी एक घोटाळा होण्याची शक्यता आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागतं आणि कुणीतरी म्हणतं, आईची कावीळ बाळाला लागली. नवजात बाळाच्या या काविळीचा तुमच्या हिपॅटायटिस बीशी काहीही संबंध नाही. ती जन्मानंतर तुटणाऱ्या लाल पेशींमुळे आणि अजून तयार न झालेल्या यकृतामुळे येते. हिपॅटायटिस बीची लागण झालेलं बाळ पहिल्या आठवड्यात पिवळं पडत नाही, किंबहुना कित्येक महिने त्याला काहीच होत नाही. पिवळेपणा पोटापर्यंत, पायांपर्यंत उतरत असेल किंवा बाळ सुस्त होऊन ओढत नसेल तर बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) तपासून घ्यावं लागतंच, पण दूध तोडणं हा त्यावर इलाज नाही. उलट कमी दूध मिळालं की ती कावीळ वाढते.

आता औषधाकडे येऊ. टेनोफोव्हिर नुसतं तोंडाने दिलं तर आतड्यातून जवळजवळ शोषलं जात नाही. म्हणून कारखान्यात त्याला डिसोप्रॉक्सिल नावाचं वेष्टण चढवतात. तुम्ही गोळी गिळता तेव्हा ते वेष्टण त्याला आतड्याच्या पलीकडे पोचवतं आणि रक्तात शिरताच गळून पडतं. दुधात उतरतं ते वेष्टण गेलेलं, उघडं टेनोफोव्हिर, तेही अगदी थोडं. आणि बाळाच्या आतड्याला ते शोषता येत नाही. दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात दुधावाटे जाणारी मात्रा मोजली गेली तेव्हा ती बाळासाठीच्या औषधी मात्रेच्या एक टक्क्याहूनही कितीतरी कमी भरली, आणि बहुतेक बाळांच्या रक्तात औषध सापडलंच नाही. शिवाय हेही बघा: गर्भात असताना नाळेतून बाळाला याच औषधाचा याहून पुष्कळ मोठा वाटा रोज मिळत होता, आणि ते आपण विचार करूनच स्वीकारलं होतं. तेव्हा चाललेली गोळी आता दुधामुळे धोक्याची ठरायचं कारण नाही.

मग कागदावर तसं का छापलंय? औषधाबरोबरचा कागद कंपनी कायदेशीर सावधगिरीने लिहिते, आणि त्यातला बराच मजकूर पहिल्या परवान्याच्या वेळचा असतो. शिवाय हेच औषध एचआयव्हीसाठीही वापरतात आणि तिथला स्तनपानाचा सल्ला वेगळ्या कारणांनी वेगळा होता. म्हणून छापील ओळ आणि डॉक्टरांचा सल्ला यांत विसंगती दिसते. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी जे सांगितलं ते बरोबर आहे.

गोळीची वेळ पाजण्याशी जुळवायची, दूध काढून फेकायचं, यातलं काहीही करायला नको. जेवणाआधी किंवा नंतर, केव्हाही चालते, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबरही चालते. बाळंतिणीच्या झोपेचं वेळापत्रक कोसळलेलं असतं आणि गोळ्या चुकतात, म्हणून रात्रीऐवजी सकाळच्या नाश्त्याला बांधून टाका. एखादी चुकलीच तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

एन्टेकॅव्हिर ०.५ मिग्रॅ हे वाईट औषध नाही. बाळंतीण नसलेल्या रुग्णाला मी ते निःशंक देतो, आणि मूत्रपिंड नाजूक असलेल्यांत तर ते सोयीचं पडतं. पण तुमच्यासाठी ते आता नको. एक तर माणसाच्या दुधातली त्याची पुरेशी मोजमापं नाहीत. उंदरांच्या दुधात ते उतरतं एवढं माहीत आहे. दुसरं, टेनोफोव्हिरच्या अगदी उलट, हे औषध तोंडाने दिल्यावर जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, म्हणजे दुधात जे उतरेल ते बाळाच्या रक्तात जाईल. शरीरातून ते निघतंही सावकाश. आणि फार मोठ्या मात्रेत प्राण्यांमध्ये गाठी झाल्याची नोंद असल्यामुळे गर्भारपणातही ते टाळतात. कुणी गर्भारपणाआधीपासून एन्टेकॅव्हिरवर असेल तर तिला आपण आधीच टेनोफोव्हिरवर आणतो आणि दूध सुटेपर्यंत तिथेच ठेवतो. तुम्ही चांगल्या औषधावर आहात. तिथून उतरायचं कारण नाही.

टेनोफोव्हिर अलाफेनामाइड, २५ मिग्रॅ, हा त्याचाच नवा भाऊ. त्यात रक्तातलं टेनोफोव्हिर जुन्यापेक्षा सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतं, त्यामुळे मूत्रपिंड आणि हाडांवर भार कमी. दुधातही ते फारच कमी सापडलंय आणि बाळांना अपाय झाल्याचं दिसलेलं नाही, पण जुन्या टेनोफोव्हिरमागे जितक्या आया-बाळांचा अनुभव आहे तितका याच्यामागे अजून नाही. म्हणून मी ते कारण असेल तेव्हाच देतो: प्रसूतीत मोठा रक्तस्राव होऊन किंवा बीपी चढून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेलं असेल, लघवीत प्रथिनं जात असतील, हाडं आधीच ठिसूळ असतील. ते जेवणाबरोबर घ्यायचं असतं. आणि टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल किंवा आकडीसाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर ते नको, कारण ही औषधं त्याचा अंमल कमी करतात.

बाकीच्यांबद्दल फार लिहायला नको. लॅमिव्ह्युडिन १०० स्वस्त आहे आणि दुधाच्या दृष्टीने चालतं, पण पाच वर्षांत बहुतेकांमध्ये विषाणू त्याला दाद देईनासा होतो. अ‍ॅडेफोव्हिर कमजोर आहे आणि मूत्रपिंडाला जड. इंटरफेरॉनची इंजेक्शनं तर बाळंतपणानंतरच्या काळात नकोच. ताप, थकवा आणि मन खचणं हे त्याचे नेहमीचे परिणाम, आणि या महिन्यांत मन आधीच हळवं असतं.

औषधाच्या दुकानातली एक चूक मात्र नेमकी सांगायला हवी. टेनोफोव्हिर एकटं मिळतं तसंच एम्ट्रिसिटाबिन, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर, इफाव्हिरेन्झ या एचआयव्हीवरच्या औषधांबरोबर एकत्र गोळीतही मिळतं. नावं सारखी दिसतात आणि दुकानदार 'तेच आहे' म्हणून जोडगोळी देतो. स्ट्रिप उलटी करून वाचा. तुमच्या स्ट्रिपवर फक्त 'टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल फ्युमरेट ३०० मिग्रॅ' एवढंच हवं. आणि गर्भारपणातला एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना, फाइलमध्ये तेही बघा. एचआयव्ही असेल तर हे एकटं औषध अपुरं पडतं आणि विषाणू त्याला सरावतो.

आता तिसरा प्रश्न, तुम्हाला स्वतःला गोळीची गरज आहे का. ८ कोटी लोड, एचबीईएजी पॉझिटिव्ह, वय २७, एसजीपीटी लॅबच्या हिशेबाने नॉर्मल. अशा व्यक्तीच्या शरीरात विषाणू भरपूर असतो पण प्रतिकारशक्ती त्याच्याशी झगडत नसते, म्हणून यकृताला इजा कमी. या गटात गोळी मुख्यतः बाळासाठी असते आणि प्रसूतीनंतर ती थांबवता येते. पण तुमचा २७ हा आकडा मला पूर्ण निश्चिंत करत नाही. लॅब ४० किंवा ४५ पर्यंत नॉर्मल छापते. यकृताच्या हिशेबाने बाईसाठी वरची मर्यादा २५ धरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये १९ धरली. त्यांच्याच निकषात डीएनए २,००० आययूच्या वर आणि एसजीपीटी या मर्यादेच्या वर असेल तर उपचार द्यावेत असं आहे. म्हणजे तुम्ही सीमारेषेवर आहात. एकाच आकड्यावरून, तोही गर्भारपणातल्या, मी निर्णय घेणार नाही.

निर्णयासाठी यकृतात व्रण, म्हणजे जुन्या इजेने कडक झालेला भाग, किती आहेत ते कळायला हवं. एक हिशेब तुम्हाला घरीच करता येईल. एसजीओटीला (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) लॅबच्या कमाल मर्यादेने भागा, १०० ने गुणा, आणि प्लेटलेट हजारांत घेऊन भागा. समजा एसजीओटी २४, मर्यादा ४०, प्लेटलेट २ लाख १० हजार. २४ भागिले ४० म्हणजे ०.६, गुणिले १०० म्हणजे ६०, भागिले २१० म्हणजे साधारण ०.२९. हा आकडा ०.५ च्या खाली असला तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. एसजीओटी ६० आणि प्लेटलेट दीड लाख असते तर तोच आकडा १ आला असता, आणि मग गोळी थांबवण्याचा विषयच निघाला नसता. प्रसूतीच्या आसपास प्लेटलेट वरखाली होतात, म्हणून हा हिशेब सहा आठवड्यांनंतरच्या रिपोर्टवर करा. फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, तीही तेव्हाच, तीन तास उपाशी राहून. ७ किलोपास्कलच्या वर आलं तर उपचार हवेत. पण एसजीपीटी भडकलेला असताना हे यंत्र खोटा मोठा आकडा दाखवतं, त्यामुळे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचायचे.

म्हणून मी तुम्हाला आज गोळी थांबवायला सांगणार नाही. प्रसूतीच्या दिवशीच थांबवणं चुकीचं आहे असंही नाही. काही डॉक्टर तसं करतात आणि ते मान्य पद्धतीत बसतं. मी साधारण १२ ते १४ आठवडे चालू ठेवतो. लांबवल्याने बाळंतपणानंतरचा भडका नक्की टळतो असा पुरावा नाही. माझं कारण व्यवहारी आहे. ओली बाळंतीण माहेरी असते, टाके दुखत असतात, लॅब लांब असते. तपासण्या होणारच नाहीत अशा काळात गोळी थांबवणं मला धोक्याचं वाटतं. आणि दुधाला तिची अडचण नाही हे आपण वर पाहिलंच.

हा भडका काय असतो? गर्भारपणात शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती थोडी आवरून धरतं. प्रसूतीनंतर ती परत उसळी घेते आणि विषाणू भरलेल्या यकृतपेशींवर तुटून पडते. पहिल्या तीन-चार महिन्यांत एसजीपीटी वाढतो. बहुतेकींना काही जाणवतही नाही आणि तो आपोआप उतरतो, क्वचित त्या ओघात एचबीईएजी निगेटिव्ह होऊन फायदाच होतो. पण थोड्या जणींमध्ये तो गंभीर वळण घेऊ शकतो, आणि गोळी थांबवल्यावर विषाणू उसळून येतो तेव्हाही असंच होतं. म्हणून गोळी थांबवणं आणि तपासण्या या दोन गोष्टी सुट्या करायच्या नाहीत.

तपासण्या बाळाच्या लसींना जोडून घ्या, म्हणजे विसरत नाहीत आणि वेगळी फेरी पडत नाही. बाळाला सहाव्या आठवड्यात पहिला पेंटाव्हॅलंट असतो, त्या दिवशी तुमचं एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन. बाळाच्या १४व्या आठवड्याच्या डोसाला पुन्हा हेच, जोडीला एचबीईएजी, एचबीव्ही डीएनए आणि फायब्रोस्कॅन. तेव्हा दोन्ही वेळचे एसजीपीटी २५ च्या आत आणि फायब्रोस्कॅन ७ च्या खाली असेल, घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास नसेल, तर गोळी थांबवता येईल. थांबवल्यावर एका महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी एसजीपीटी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी कायम. मधे आकडा थोडा वाढला तर दोन ते चार आठवड्यांनी परत बघायचा. २०० च्या पुढे गेला, किंवा बिलिरुबिन अथवा पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते माप) वाढू लागला, तर त्याच दिवशी तीच गोळी पुन्हा सुरू. यात आयएनआर सर्वांत महत्त्वाचा. एसजीपीटी ५०० असून आयएनआर नॉर्मल असलेल्या रुग्णापेक्षा एसजीपीटी २०० असून आयएनआर १.६ असलेल्याची मला जास्त चिंता वाटते.

१४व्या आठवड्यात आकडे वर राहिले, तर गोळी तुमच्यासाठी चालू राहील, बहुधा काही वर्षं. एचबीईएजी जाऊन त्याची प्रतिपिंडं आल्यावरही निदान एक वर्ष. दूध त्या सगळ्या काळात, हवं तितके महिने. सिऱ्होसिस असलेल्या, गर्भारपणाआधीपासून स्वतःच्या यकृतासाठी औषधावर असलेल्या किंवा स्टिरॉइड, केमोथेरपी घेणाऱ्या बाईने हे वाचून गोळी थांबवू नये. त्यांचा हिशेब पूर्ण वेगळा आहे.

डोळे पिवळे, लघवी चहासारखी, सतत उलट्या, प्रचंड थकवा, पोट फुगणं किंवा वागण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता रुग्णालयात जा. बाळंतपणाचा थकवा म्हणून हे दडपून जातं.

टेनोफोव्हिरचा खरा त्रास मूत्रपिंडाला होऊ शकतो, तुमच्या वयात क्वचित, पण सिझेरियननंतर एक गोष्ट बघायला हवी. तुम्हाला दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक लिहिलेली असेल. चार-पाच दिवस, पाणी भरपूर पीत असाल आणि क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर चालेल. पुढे कंबरदुखीसाठी ती महिनाभर स्वतःहून घेत राहू नका. ही दोन्ही औषधं मिळून मूत्रपिंडाला धक्का देऊ शकतात. त्याऐवजी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दिवसाला जास्तीत जास्त चार गोळ्या. गोळी लांबली तर दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी. रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर दिसली तर ती नजरचूक समजू नका, डॉक्टरांना दाखवा. पाळणा लांबवण्यासाठी कुणी 'अंतरा' इंजेक्शन सुचवलं तर टेनोफोव्हिर चालू आहे हे सांगा, कारण दोन्हीमुळे हाडांची घनता थोडी घटते. तांबी हा जास्त सुटसुटीत पर्याय आहे.

आणि कळकळीची विनंती. हिपॅटायटिस बीला आपल्याकडे कावीळच म्हणतात, त्यामुळे झाडपाल्याचं औषध, नाकात सोडायचे थेंब, गळ्यातली माळ, हे सगळं आपुलकीने घरी येतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा खुशाल खा. पण गुळवेल, अनोळखी काढे आणि 'लिव्हर साफ करणाऱ्या' पुड्या नकोत. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. भडक्याची शक्यता असलेल्या महिन्यांत एसजीपीटी वाढला तर तो विषाणूमुळे की काढ्यामुळे हे ओळखणं फार अवघड होऊन बसतं.

खर्चाबद्दल. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे. त्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत डीएनए चाचणी आणि टेनोफोव्हिर मोफत मिळतं. माहेरच्या जिल्ह्यात नोंदणी करून पुढे सासरच्या जिल्ह्यात बदलून घेता येते का, तिथे विचारून घ्या, म्हणजे जागा बदलताना गोळीत खंड पडणार नाही.

घरात यजमान, तुमचे आईवडील, भावंडं यांची एचबीएसएजी (आत्ता लागण आहे का) आणि अँटी-एचबीसी (कधीतरी लागण झाली होती का) तपासणी करा. तुम्हाला हा विषाणू बहुधा तान्हेपणी मिळालाय, म्हणजे आई किंवा भावंडांत तो असण्याची शक्यता आहे, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. निगेटिव्ह असतील त्यांना ०, १ आणि ६ महिन्यांनी लस. ताट, पेला, अंथरूण वेगळं काढायची काही गरज नाही, बाळाचा पापा घ्यायलाही हरकत नाही. वेगळं ठेवायचं ते रक्त लागू शकेल असं: नखं कापायचं यंत्र, दात घासायचा ब्रश, वस्तरा. बाराव्या दिवशी कान टोचणार असाल तर सुई पाकीटबंद आणि नवी हवी, आणि पुढे जावळ काढताना नवं पातं, तेही डोळ्यांसमोर फोडलेलं.

बाळाची तपासणी आता करू नका. एचबीआयजीची उसनी प्रतिपिंडं काही महिने रक्तात असतात आणि रिपोर्ट फसवतो. ९ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली की ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान दोनच चाचण्या: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएसचं (संरक्षण देणाऱ्या प्रतिपिंडांचं) प्रमाण. अँटी-एचबीसी मागू नका, ती तुमचीच बाळात उतरलेली असते आणि दीड-दोन वर्षांपर्यंत पॉझिटिव्ह दिसून घर घाबरवते. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० किंवा त्याहून जास्त आला तर बाळ सुरक्षित. एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीएस १० च्या खाली असेल तर लसीचा एक डोस देऊन महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तरीही कमी राहिला तर मालिका पूर्ण करायची. तोवरही पाजणं चालूच ठेवायचं.